दहाची गोळी घेताना

आधी स्ट्रिप उलटी करा. पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरांत असतं ते कंपनीनं ठेवलेलं बारशाचं नाव. औषधाचं खरं नाव मागच्या चकचकीत फॉइलवर बारीक अक्षरांत असतं. दिसत नसेल तर मोबाइलनं फोटो काढून मोठा करून बघा, माझी निम्मी गिऱ्हाइकं आता तेच करतात. तिथे अमिट्रिप्टिलिन, नॉरट्रिप्टिलिन, इमिप्रामिन, क्लोमिप्रामिन, डॉक्सेपिन किंवा डोसुलेपिन (जुन्या चिठ्ठ्यांवर डोथिएपिन) असं काही असेल, तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे. ‘ट्रिप्टिलिन’ नाहीतर ‘प्रामिन’ असा शेवट दिसला की घराणं ओळखायचं: ट्रायसायक्लिक, नसांच्या दुखण्यावर आणि नैराश्यावर देतात ते. एस्सिटालोप्राम वेगळं, आणि मेटोक्लोप्रामाइड तर उलटीवरचं. त्यांच्याशी गल्लत नको.

बार्शीत सत्तावीस वर्षं मी मेडिकल चालवते. मी डॉक्टर नाही, फार्मासिस्ट आहे. डोस किती, किती दिवस, हे तुमचे डॉक्टर सांगतील. पण चिठ्ठी आणि तोंड यांच्यामध्ये जे घडतं ते माझ्या काउंटरवर घडतं, आणि या गोळीचे बहुतेक घोटाळे तिथेच होतात. एक तर माझ्याच घरात झाला. तो पुढे सांगते.

एक चोरवाट लक्षात ठेवा. नसांच्या दुखण्यावर गॅबापेन्टिन किंवा प्रीगॅबालिन देतात, त्यांच्या काही गोळ्यांच्या नावामागे ‘एनटी’ असं शेपूट असतं. एनटी म्हणजे नॉरट्रिप्टिलिन. मधुमेहानं तळपाय जळणारे कितीतरी लोक वर्षानुवर्षं ही गोळी घेतात आणि विचारलं की सांगतात, “नसंची गोळी हाय.” आपण ट्रायसायक्लिक घेतोय हे त्यांना ठाऊकच नसतं. मेलिट्रासेनचंही तसंच. घबराटीवर, छातीत धडधडतं म्हणून देतात त्या फ्लुपेन्टिक्सॉलच्या जोडगोळीत ते असतं, आणि तेही याच घराण्यातलं.

आता नेहमीचा प्रश्न. कुणीतरी घरी जाऊन नाव इंटरनेटवर टाकतं, ‘डिप्रेशनची गोळी’ असं वाचतं आणि तणतणत परत येतं: “ताई, माझं डोकं दुखतंय, मी काय वेडा झालोय का?” नाही. या घराण्यातलं पहिलं औषध इमिप्रामिन. स्वित्झर्लंडमध्ये म्युन्स्टरलिंगन इथल्या मनोरुग्णालयात रोलांड कून या डॉक्टरांनी ते स्किझोफ्रेनियावर चालतं का ते तपासायला घेतलं होतं. तिथे ते चाललं नाही, पण खिन्न रुग्ण उठून बसायला लागले. ते त्यांनी १९५७ मध्ये छापलं. पाठोपाठ १९६१ मध्ये अमेरिकेत अमिट्रिप्टिलिन आलं. रेणूत तीन कडी एकमेकांना जोडलेली असतात म्हणून ट्रायसायक्लिक. पुढे फ्लुओक्सेटिनसारखी सोसायला सोपी औषधं आली आणि नैराश्यासाठी ही मागे पडली. पण नसांचं दुखणं, मायग्रेन, नागीण बरी झाल्यावर मागे राहणारी आग यांवर ती अजून टिकून आहेत. दुखण्यासाठी डोस लहान असतो, रात्री १० किंवा २५ मिलिग्रॅमपासून सुरू. नैराश्यासाठी ७५ ते १५० पर्यंत जातो. तेव्हा दहाची गोळी मिळाली म्हणजे डॉक्टरांनी तुम्हाला मनोरुग्ण ठरवलं असं नाही. आणि पंच्याहत्तरची मिळाली तरी त्यात लाजण्यासारखं काय आहे?

पहिल्या गोळीच्या आधी

डॉक्टर घाईत असतात. ओपीडीत साठ माणसं बाहेर बसलेली असतात, त्यामुळे तुम्हाला काय काय आहे हे ते विचारतीलच असं धरून चालू नका. आपणच सांगायचं. एका कागदावर लिहून न्या, तोंडी सांगताना विसरतं.

सगळ्यात आधी हृदय. नुकताच ॲटॅक येऊन गेला असेल तर ही औषधं देत नाहीत. हृदयाचे ठोके चुकत असतील, पूर्वी ईसीजीत ‘ब्लॉक’ निघाला असेल, घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं असेल, तर तेही सांगा. या औषधाचा हृदयातल्या विजेच्या वाहण्यावर परिणाम होतो. वय जास्त असेल किंवा हृदयाची तक्रार असेल तर सुरू करण्याआधी एक ईसीजी काढून घ्यावा, आणि डॉक्टर बोलले नाहीत तर आपण विचारावं. दीड-दोनशे रुपयांची पट्टी असते ती, सोनोग्राफी नव्हे.

मग फिट. पूर्वी कधी आली असेल तर सांगा, कारण फिट येण्याचा उंबरठा या गोळीनं खाली येतो. काचबिंदू, प्रोस्टेट, जुनी बद्धकोष्ठता, थायरॉइड, लिव्हर हेही सांगा. दिवस गेले असतील, जाण्याची शक्यता असेल किंवा अंगावर पाजत असाल तर तेही.

एक गोष्ट लोक मुद्दाम लपवतात. पूर्वी कधी आठवडाभर झोपेशिवाय राहून भरमसाट बोलणं, उधळपट्टी, “मी सगळं विकत घेईन” असा काळ आला होता का? रुग्णाला किंवा सख्ख्या भावंडाला? नैराश्याच्या आड बायपोलर असेल तर नुसती ही गोळी माणसाला उलट्या टोकाला ढकलू शकते. इथे घरच्यांनीच तोंड उघडायचं, कारण तो काळ रुग्णाला आजार म्हणून आठवतच नाही, चांगले दिवस म्हणून आठवतो.

घरातला गोळ्यांचा डबा

आता माझी गोष्ट. सासूबाईंना दोन वर्षांपूर्वी नागीण झाली, उजव्या कमरेला. शेजारच्या काकू गेरू घेऊन आल्या, दोन तोंडं भेटली तर माणूस जातो म्हणाल्या. तो प्रकार कसाबसा टाळला. पुरळ तीन आठवड्यांत सुकलं, आग मात्र राहिली. साडीचा काठ लागला तरी कळवळायच्या. डॉक्टरांनी अमिट्रिप्टिलिन १० लिहून दिली. वय चौऱ्याहत्तर, बीपीची गोळी आधीपासून चालू. मी दुकान बंद करून आले आणि रात्री अकराला ती गोळी त्यांना दिली.

त्या दिवशी त्यांचं नाकही गळत होतं. मी दुकानातून येताना सर्दीच्या गोळ्यांची स्ट्रिप आणली होती. तीही दिली. दोन्ही गोळ्या माझ्याच हातातून, एकाच पेल्याच्या पाण्यानं.

रात्री त्या तीनदा उठल्या. लघवी झाल्यासारखी वाटायची आणि पुन्हा लागायची, असं त्यांनी नंतर सांगितलं. तिसऱ्या वेळी मोरीच्या उंबऱ्यापाशी पडल्या. मनगट मोडलं. उठवायला गेले तर जीभ टाळ्याला चिकटलेली, बोलणं भरकटलेलं. मला माझ्या माहेरच्या नावानं हाक मारत होत्या, आणि ते नाव तर त्या कधीच घेत नाहीत.

झालं काय होतं? सर्दीच्या गोळीत क्लोरफेनिरामिन असतं, त्यानं तोंड कोरडं पडतं, गुंगी येते, लघवी अडते. अमिट्रिप्टिलिनही नेमकं हेच करतं. दोन्ही औषधं शरीरातला एकच नळ बंद करतात. शिवाय अशा गोळ्यांत नाक उघडायला फेनिलेफ्रिन घातलेलं असतं, त्याचं आणि ट्रायसायक्लिकचं जमत नाही, बीपी उसळू शकतो. हे मला माहीत नव्हतं असं नाही. गिऱ्हाइकांना मी सांगतच होते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

म्हणून आता नवं गिऱ्हाईक आलं की मी एकच काम सांगते: घरातला गोळ्यांचा डबा, हॅंडबॅग, देवघराच्या खणातली पाकिटं, सगळं पिशवीत घालून घेऊन या. नावं पाठ सांगू नका, वस्तूच आणा. बघायचं असतं ते हे:

सर्दी-ॲलर्जीच्या गुंगी आणणाऱ्या गोळ्या. पोटात मुरडा आला की आपण सर्रास घेतो ती डायसायक्लोमिन, पाळीच्या दुखण्यावरच्या जोडगोळ्यांतही ती असते. ही दोन्ही कोरड, बद्धकोष्ठता आणि लघवी अडणं दुप्पट करतात.

ट्रामाडॉल. गुडघेदुखी, कंबरदुखीवर आमच्याकडे भरपूर लिहितात. ट्रायसायक्लिकच्या जोडीनं फिट येण्याचा धोका वाढतो. दुसरा धोका सेरोटोनिन हे मेंदूतलं रसायन वाढण्याचा. त्यात अंग थरथरतं, ताप चढतो, घाम फुटतो, जुलाब होतात, माणूस बेचैन होऊन येरझारा घालायला लागतो. मनाच्या इतर गोळ्या, लिनेझोलिड हे अँटिबायोटिक, कोरड्या खोकल्याच्या सिरपमधलं डेक्स्ट्रोमेथॉर्फन यांच्याबरोबरही असं होऊ शकतं. पार्किन्सनसाठी सेलेजिलिन चालू असेल तर ट्रायसायक्लिक देतच नाहीत.

फ्लुओक्सेटिन आणि पॅरोक्सेटिन. लिव्हरमध्ये ट्रायसायक्लिकची विल्हेवाट लावणारं जे यंत्र असतं, त्यालाच ही अडवतात, म्हणून १० ची गोळी शरीरात मोठ्या डोससारखी वागू शकते. फ्लुओक्सेटिन तर बंद केल्यावरही काही आठवडे अंगात रेंगाळतं. “ती गोळी मी गेल्याच आठवड्यात थांबवली” हेही सांगायचं ते म्हणूनच.

ॲझिथ्रोमायसिन, लिव्होफ्लॉक्सासिन, फ्लुकोनॅझोल, उलटीवरचं ऑन्डान्सेट्रॉन. यांचा हृदयाच्या ठोक्यावर परिणाम होऊ शकतो, ट्रायसायक्लिकचाही होतो. एकत्र कधीच द्यायचं नाही असं नाही, पण लिहिणाऱ्याला माहीत हवं. दाताच्या डॉक्टरांनाही सांगा, कारण भुलीच्या इंजेक्शनात ॲड्रेनलिन असू शकतं. ऑपरेशन ठरलं असेल तर भूलतज्ज्ञांनाही.

आणि दारू. “एकच पेग” या शब्दांना या गोळीसमोर अर्थ नाही.

धोतऱ्याचं वेगळं सांगते, कारण शहरातल्या कुठल्याच माहितीपत्रकात ते सापडणार नाही. धोतऱ्याची बाधा झालेलं माणूस आमच्या पिढीनं बघितलेलं आहे: तोंड कोरडं, चेहरा लाल, बाहुल्या मोठ्या, हवेतले धागे वेचल्यासारखी बोटं, असंबद्ध बडबड. ट्रायसायक्लिकचा डोस डोईजड झाला की चित्र जवळजवळ तेच, कारण धोतऱ्यातलं ॲट्रोपिन अंगातला तोच नळ बंद करतं. दम्यासाठी धोतऱ्याच्या पानांची धुरी घेणारे म्हातारे अजून आहेत. त्यांच्या चिठ्ठीवर एनटीवाली गोळी दिसली की मी आधी धुरीचं विचारते.

पहिले पंधरा दिवस

या गोळीची वाईट खोड ही की त्रास पहिल्या रात्रीपासून आणि गुण पुढे कधीतरी. दुखणं कमी व्हायला एक-दोन आठवडे, मन उचलायला दोन ते चार. मधल्या काळात माणूस म्हणतो, “हिनं तर अजूनच बिघडलं,” आणि सोडून देतो. हे आधी माहीत असलं तर निम्मे लोक टिकतात.

वेळ बदलून बघा. अकराला घेतली तर सकाळी सातला डोकं जड राहणारच. डॉक्टर हो म्हणाले तर संध्याकाळी सात-आठलाच घ्या, जेवणाच्या आगेमागे. गुंगी रात्रीतच जिरते. मी पाकिटावर पेनानं ‘रात्री ८’ असं लिहूनच देते. पहिला आठवडा गाडी चालवू नका. आमच्याकडे ट्रॅक्टर आणि कडबाकुट्टी म्हणायला हवं. सकाळी गुंगी नाही हे स्वतःला नीट कळल्यावरच हात लावा.

उठण्याची पद्धत. ही गोळी रक्तवाहिन्या सैल करते, पटकन उठलं की रक्त पायात उतरतं आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. आधी कुशीवर व्हा. मग पाय खाली सोडून कॉटच्या कडेला बसा. पावलं वीसदा वरखाली करा. मग उभं राहा, कशाला तरी धरून, आणि तिथेच दहा आकडे मोजा. मगच चाला. सासूबाईंच्या कॉटपासून मोरीपर्यंत मी आता रात्रभर छोटा दिवा ठेवते, उंबऱ्यावरचं पायपुसणं काढून टाकलंय. बीपीचं मशीन घरी असेल तर आडवं असताना एकदा आणि उभं राहून तीन मिनिटांत एकदा मोजा. वरचा आकडा २० किंवा जास्त उतरला तर डॉक्टरांना फोन. प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिन किंवा बीपीच्या गोळ्या चालू असतील तर हे मोजणं टाळू नका.

तोंडाची कोरड बहुतेकांना होते. घोट घोट पाणी प्या, बडीशेप चघळा, साखर नसलेलं च्युइंग गम चालतं. पेपरमिंटच्या गोळ्या नकोत: लाळ नसलेल्या तोंडात साखर म्हणजे दातांना कीड. ज्यांना कवळी आहे त्यांची कवळी घासायला लागते, हिरडी सोलते. रात्री काढून ठेवा. कोरड घालवायला मिश्री किंवा तंबाखू लावणारे भेटतात. त्यांना काय सांगायचं ते मी इथे लिहीत नाही.

पोटाकडे मात्र सुरुवातीपासून लक्ष हवं. तीन दिवस वाट बघून मग उपाय करू नका. पहिल्या दिवसापासून पाणी, पालेभाजी, सकाळचं चालणं. इसबगोल घेत असाल तर पेलाभर पाण्याबरोबरच, कोरडा भुरका मारला तर तेच घशात किंवा आतड्यात अडकतं. पोट फुगलं, वारा सरत नाही आणि उलटी होतेय असं झालं तर एरंडेल-बिरंडेल न देता दवाखाना. आतडं थांबलेलं असू शकतं.

जवळचं धूसर दिसतं. वाचायच्या चष्म्याचा नंबर लगेच बदलायला जाऊ नका, बहुतेकदा ते निवळतं. पण डोळा दुखून लाल झाला, दिव्याभोवती रंगीत कडी दिसायला लागली, तर त्याच दिवशी डोळ्यांचा डॉक्टर.

भूक वाढते, विशेषतः रात्री आणि गोडाची. महिन्याला वजन करा. मधुमेह असेल तर साखर वरखाली होऊ शकते, मोजत राहा. काही पुरुषांना शरीरसंबंधात अडचण येते. माझ्या काउंटरवर ते कुणी बोलत नाही, बोलावं अशी अपेक्षाही नाही, पण डॉक्टरांना सांगा. औषध बदलता येतं. क्वचित कुणाची लघवी निळसर-हिरवी होते. सत्तावीस वर्षांत एकच जण आला, पण असा आला की जणू विष प्यायलाय. त्यात घाबरण्यासारखं काही नसतं.

म्हातारी माणसं आणि मे महिना

अमेरिकेतल्या वृद्धरोगतज्ज्ञांच्या संस्थेची एक यादी आहे, बीअर्स यादी म्हणतात तिला. वयस्कांना शक्यतो टाळावीत अशा औषधांत अमिट्रिप्टिलिन, इमिप्रामिन आहेत. याचा अर्थ सासूबाईंच्या डॉक्टरांनी चूक केली असा नाही. टाळावं म्हणजे दुसरा इलाज बघावा, आणि द्यावंच लागलं तर कमीत कमी द्यावं. मनगटाच्या भानगडीनंतर त्यांनी नॉरट्रिप्टिलिनवर नेलं. या घराण्यातली ही जरा सौम्य सून: कोरड कमी, बीपीही तितका पाडत नाही.

वयस्कांमध्ये एक गोष्ट फसवते. माणूस दोन दिवसांत अचानक विसराळू झालं, दिवस-रात्र उलटी झाली, घरातल्यांना परकं समजायला लागलं, तर “वय झालं” म्हणू नका. वय हळूहळू होतं. असं अचानक झालं तर गोळीचा संशय घ्यायचा, लघवी तुंबली आहे का ते बघायचं, रक्तातलं सोडियम तपासायचं. सोडियम उतरलं तरी माणूस असंच भरकटतं. लघवी सहा-आठ तास झाली नाही आणि ओटीपोट टणक लागलं तर कॅथेटर घालावा लागतो, घरी शेकत बसायचं नाही.

आमच्याकडे मे महिन्यात पारा ४२-४३ वर असतो. या औषधानं काहींचा घाम कमी होतो, आणि घाम नाही म्हणजे अंग थंड करायचा मार्गच बंद. (काहींना उलट घाम जास्त सुटतो, शरीराचं काही सांगता येत नाही.) दुपारी बाराच्या पुढे रानात जाणं बंद, ओलं फडकं मानेवर, ताक, पन्हं. कातडी गरम, कोरडी आणि माणूस बरळतंय, तर तो उष्माघात. तिथे घरगुती उपायांत वेळ घालवू नका.

साठा

यावर मी जरा कडक बोलणार आहे. या घराण्यातल्या औषधांत उपयोगी डोस आणि घातक डोस यांच्यातलं अंतर थोडं आहे. नव्या गोळ्यांनी त्यांना मागे सारलं, त्यामागे हेही एक कारण. नैराश्य असलेल्या माणसाच्या उशाशी महिन्याच्या स्ट्रिपा ठेवू नयेत. डॉक्टरांना सात किंवा चौदा दिवसांचीच चिठ्ठी मागा. गोळ्या घरातल्या दुसऱ्या माणसाकडे, कुलपाच्या डब्यात, आणि रोजची रोज हातावर. रुग्णाला अपमान वाटतो. त्याला सरळ सांगा, “तुझ्यावर अविश्वास नाही, या गोळीवर आहे.” बहुतेकांना ते कळतं.

पंचवीस वर्षांखालच्यांबाबत आणखी एक. अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २००४ मध्ये मुलांसाठी आणि २००७ मध्ये चोवीस वर्षांपर्यंतच्या तरुणांसाठी सगळ्याच डिप्रेशनविरोधी गोळ्यांवर इशारा छापायला लावला: सुरुवातीच्या आठवड्यांत आणि डोस बदलताना आत्महत्येचे विचार वाढू शकतात. मुलगा एकाएकी बेचैन झाला, झोप गेली, चिडचिड वाढली, वस्तू वाटून टाकायला लागला, तर त्याच दिवशी डॉक्टर. आणि सरळ विचारा, “जीव द्यावासा वाटतो का?” विचारल्यानं डोक्यात नसलेलं भरवलं जात नाही. बोलायला मोकळं होतं. टेलीमानस हा सरकारी फोन आहे, १४४१६, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलतात. माझ्या गल्ल्याच्या काचेवर तो नंबर चिकटवलेला आहे. दोघांनी मोबाइलवर फोटो काढून नेल्याचं मी पाहिलंय. विचारलं नाही.

लहान मूल असलेल्या घरात तर एकही गोळी खाली पडलेली चालणार नाही. अंथरूण ओलं करणाऱ्या मुलांना इमिप्रामिन दिली जाते, म्हणजे गोळी मुलाच्या नावावरच घरात येते. धाकट्या भावाला ती चॉकलेटची चकती वाटते. मोठ्यांना किरकोळ वाटणाऱ्या एक-दोन गोळ्याही लहानग्याला हृदयापर्यंत भोवू शकतात.

कुणी जास्त घेतल्याचं कळलं, किंवा नुसता संशय आला, तर १०८. माणूस बोलतोय, चालतोय म्हणून थांबू नका. सुरुवातीला ठीक वाटतं आणि तासा-दोन तासांत फिट येते, ठोका बिघडतो, शुद्ध जाते. मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका, ती फुप्फुसात जाते. रिकाम्या स्ट्रिपा बरोबर घ्या, गेलेल्या गोळ्या मोजून. आयसीयू आणि ईसीजी असलेल्या दवाखान्यात न्या. तिथे शिरेतून सोडियम बायकार्बोनेट देतात, हृदय सावरायला. (म्हणजे खायचा सोडाच, पण घरी पाण्यात कालवून पाजू नका, त्यानं काही होत नाही, वेळ जातो.) पोलीस केसच्या भीतीनं डॉक्टरांपासून लपवणारे लोक असतात. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७, कलम ११५: जीव द्यायचा प्रयत्न केलेला माणूस तीव्र ताणाखाली होता असं धरतात, त्याला शिक्षा करत नाहीत. गोळीचं नाव आणि आकडा खरा सांगा.

उरलेल्या गोळ्या जपून ठेवू नका. “कधी लागली तर” म्हणून ठेवलेली अमिट्रिप्टिलिनच पुढे शेजारीण झोपेची गोळी म्हणून मागून नेते. स्ट्रिपमधून काढून चहाच्या चोथ्यात कालवा, पिशवीला गाठ मारा, कचऱ्यात टाका.

विसरली तर, सोडायची तर

एक रात्र विसरलात तर विसरलात. सकाळी आठवली म्हणून सकाळी घेऊ नका, दिवसभर डुलाल. दुसऱ्या रात्री दोन घेऊ नका.

बरं वाटलं म्हणून एकदम थांबवलीत तर चार-पाच दिवस मळमळ, डोकेदुखी, झोप उडणं, सर्दी-तापासारखी अंगमोड, विचित्र स्वप्नं. लोकांना वाटतं दुखणं परत आलं, किंवा गोळीची सवय लागली. यातलं काही नाही. शरीर हळूहळू सैल सोडायचं असतं. महिनोन्‌महिने घेतली असेल तर डॉक्टर काही आठवड्यांत पायऱ्यांनी उतरवतात. गावाला जाताना स्ट्रिप विसरणं हे एकदम थांबण्याचं सगळ्यात मोठं कारण. माझ्याकडे लग्नसराईत याच तक्रारी येतात.

चक्कर येऊन शुद्ध गेली, छातीत फडफड झाली, फिट आली, लघवी अडली, माणूस बरळायला लागलं: यातलं काहीही झालं तर पुढची गोळी न देता डॉक्टर गाठा.

आणि त्रास झाला तर तो नोंदवा. फार्माकोव्हिजिलन्स प्रोग्राम ऑफ इंडिया नावाचा सरकारी कार्यक्रम २०१० पासून आहे, टोल फ्री नंबर १८००-१८०-३०२४. रुग्ण स्वतः सांगू शकतो, साधा फॉर्म मराठीतही मिळतो. औषधाला दोष देणं किंवा कुणावर केस करणं नव्हे हे, नुसती नोंद.

सासूबाईंचं प्लास्टर निघाल्यावर मी त्यांची नोंद भरायला बसले. संशयित औषध: अमिट्रिप्टिलिन १०. वय, वजन, तारीख. पुढे रकाना होता, त्याच वेळी चालू असलेली इतर औषधं, दुकानातून स्वतः घेतलेली धरून. बीपीची गोळी लिहिली. मग सर्दीच्या गोळीचं नाव लिहिलं. शेवटी नोंद करणाऱ्याचं नाव आणि व्यवसाय. त्या खाटेवर बसून हळद लावलेलं मनगट फिरवत होत्या. म्हणाल्या, “काय लिहितेस गं एवढं?”

“तुमचीच गोळी,” म्हटलं.